दोनपैकी दीड

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक तांबडी पेन्सिल असे, आणि ती दोन्ही बाजूंनी टोक केलेली असे. एक टोक शाळेतल्या चुकांसाठी, दुसरं गावातल्या. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरानवरीची नावं वाचायच्या आधी ते तारीख आणि वार जुळतो का ते बघत. जुळत नसला तर तिथंच खूण करून पत्रिका आणणाऱ्याच्या हातात परत देत. खानावळीच्या फळ्यावर कालची तारीख राहिली असेल तर वाढलेलं ताट ठेवून उठत. एकदा एका तालमीच्या पाटीवर स्थापनेचं साल आणि सुवर्णमहोत्सवाचं साल यांचा मेळ बसत नव्हता. ती चूक दाखवायला ते लंगोट लावलेल्या दहा-बारा पैलवानांच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि ते स्वतः होते पाच फुटाला दोन बोटं कमी. पैलवानांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, पेलाभर दूध पाजलं आणि पाटी बदलली.

मी त्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा ते विज्ञान शिकवण्यात चांगले मुरलेले होते. स्टाफरूममध्ये ते कुणालाच नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. ‘ओ भूगोल, तेवढी खिडकी लावा.’ ‘संस्कृत आज रजेवर आहेत.’ मी अर्थातच ‘चित्रकला’. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांचे दोन्ही हात धरून ‘आमच्या चित्रकलेला सांभाळा’ असं सांगितलं. सासऱ्यांना आपण नक्की कुणाला मुलगी दिली याची काळजी तेव्हापासून लागली, ती पुढं बरीच वर्षं गेली नाही.

कपडे पांढरे. शर्ट पांढरा, विजार पांढरी, टोपी पांढरी. कॅनव्हासचे बूटसुद्धा ते फळ्यापाशी पडलेल्या खडूच्या तुकड्यांनी पांढरे करून घेत. पोरांनी त्यांचं नाव ‘बटू’ ठेवलं होतं. नाव पोरांनी शोधलेलं नव्हतं, सरांनीच त्यांना पुरवलं होतं. दर वर्षी नववीच्या वर्गात पुस्तक संपलं की ते चार तास आकाशावर घेत, आणि त्यात श्वेत बटू येई. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो, मग त्याच्या वरची टरफलं उडून जातात आणि आतला पांढरा गोळा तेवढा उरतो. वजन सूर्याच्या आसपास आणि आकार पृथ्वीएवढा. जळायला त्याच्याकडं काही शिल्लक नाही. तो नुसता निवत राहतो, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. हे सांगताना ते टेबलाआडून जेमतेम छातीपर्यंत दिसत असत. पोरांना आणखी काय पाहिजे?

नाव त्यांना ठाऊक होतं. ‘वर्णन बरोबर आहे,’ ते म्हणत, ‘फक्त वजन कमी पडतं.’

त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं, एक हेडक्लार्क सोडून. ऑफिसातलं घड्याळ चार मिनिटं पुढं होतं. हेडक्लार्क जेवायला गेलेले बघून सरांनी घड्याळाच्या काचेवर चिठ्ठी चिकटवली, ‘चार मिनिटे पुढे. – विज्ञान.’ हेडक्लार्कांनी ती चिठ्ठी काढली, घड्याळ तसंच ठेवलं आणि सरांशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं दोघं एका छपराखाली नांदले, पण निरोप द्यायचा तो शिपायामार्फत. शिपायाला सगळी शाळा मामा म्हणे. ‘मामा, त्यांना सांगा, पगारपत्रकावर सही राहिलीय.’ ‘मामा, त्यांना सांगा, ऐकू आलं.’ दोघांच्या मध्ये टेबलाएवढं अंतर असे आणि मामा मान इकडून तिकडं फिरवत उभे असत.

आता चुकांच्या वहीकडं येतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही. पेपर तपासताना एखादं उत्तर फारच बहारदार चुकलं की सर ते मुलाच्या नावानिशी आणि मिळालेल्या गुणांनिशी त्यात उतरवून ठेवत. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी चहाबरोबर त्या वहीचं वाचन होई आणि आम्ही सगळे पोट धरून हसत असू. ‘लोहचुंबकाला दोन टोके असतात, एक उत्तर आणि एक कोल्हापूर.’ ‘बाष्पीभवन म्हणजे दूध उतू जाणे व आईने मारणे.’ आणि शेवटी, मागणीवरून, सगळ्यांचं आवडतं. सर ते घसा साफ करून, अगदी गंभीर चेहऱ्यानं वाचत.

‘प्रश्न. विझत आलेला पांढरा तारा पुन्हा उजळेल काय? कारण द्या. उत्तर. उजळेल. शेजारी मोठा जळता तारा पाहिजे. विझलेला निखारा जळत्या कोळशाला लावून ठेवला की परत फुलतो. आमच्या भट्टीत रोज होते. गुण, दोनपैकी शून्य. शेरा, तारा म्हणजे कल्हईची भट्टी नव्हे.’

शेऱ्यावर तर टेबलं बडवली जात. चुलीवरचा तवा चालतो आणि कल्हईची भट्टी चालत नाही, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. उत्तर लिहिणारी मुलगी होती जैतून, एका कल्हईवाल्याची लेक. मी शाळेत येण्याच्या बऱ्याच आधी ती शाळेतून गेली होती. तिला न बघता मी सात-आठ वर्षं तिच्यावर हसलो.

सरांचा रविवार विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाई. तिथं एक परदेशी मासिक येई, तीन-चार महिने उशिरा. त्यातल्या आकडेमोडीतही त्यांना चुका सापडत, पण त्या मासिकावर पेन्सिल चालवायला ग्रंथपालांनी सक्त मनाई केली होती, म्हणून ते चुका रुमालावर लिहून आणत. असाच एक रविवार गेला आणि सोमवारी सर स्टाफरूममध्ये येऊन बसले ते चहाला हात न लावता. चहावर साय धरली. मामांनी दोनदा येऊन कपात बघितलं.

‘चित्रकला,’ बऱ्याच वेळानं ते मला म्हणाले, ‘मी बटू एकटा शिकवला.’

मला काही कळलं नाही.

‘एकटा असला तर तो निवतो, ते खरं आहे. पण तारे पुष्कळदा जोडीनं असतात. शेजारी फुगलेला तांबडा राक्षस असला आणि दोघं जवळ असले, तर बटू त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. थोडा थोडा, वर्षानुवर्षं. थरावर थर साठतो, खालचा थर दबतो, तापतो, आणि एक दिवस सगळा थर एकदम भडकतो. साध्या डोळ्याला न दिसणारा तारा अख्ख्या गावाला दिसायला लागतो. मग थर उडून जातो, आत बटू शाबूत, आणि पुन्हा पहिल्यापासून गोळा करायला सुरुवात.’ त्यांनी चुकांची वही उघडली. ‘विझत आलेला पांढरा तारा पुन्हा उजळेल काय? उजळेल. शेजारी मोठा जळता तारा पाहिजे.’

या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी दुसरी वही काढली, गुणांची. स्वतःच्या विषयाचे प्रत्येक मुलाचे वार्षिक गुण ते नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उतरवून ठेवत आले होते. बोट खाली खाली नेत एका नावावर थांबले.

‘जैतून. शंभरपैकी तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. दोन मी कापले.’

त्या काळी नववीत मुलगी नापास झाली की तिचं दप्तर खुंटीला जाई आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होत. जैतून त्यानंतर शाळेत आली नव्हती. सरांना ते आठवत होतं, आणि का आली नाही हे त्यांनी चौदा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

‘जाऊ द्या सर, चौदा वर्षं झाली,’ मी म्हणालो.

‘म्हणजे चौदा वर्षं उशीर झाला,’ ते म्हणाले.

जैतूनचा पत्ता मामांनी दोन दिवसांत काढला. ‘भांडी गल्लीतल्या कल्हईवाल्याची न्हवं? ती मुरगूडला दिलीया. नवरा-बायको दोघंबी कल्हई करत्यात. बाजारच्या दिशी लिंबाखाली बसत्यात.’ मला वाटलं, आता सर जातील, दोन शब्द बोलतील, मिटलं. पण सरांच्या हिशेबी तेवढ्यानं भागणार नव्हतं. मुलीला चूक शिकवलं होतं. ते आधी बरोबर करून शिकवायचं, मग गुण द्यायचे. शिकवायचं म्हणजे तक्ता पाहिजे. तक्ता म्हणजे मी.

मी मोठ्या हौसेनं बसलो. डावीकडं शेंदरी-तांबडा राक्षस, उजवीकडं बटू. बटूला पांढरा रंग द्यायला गेलो तर सर म्हणाले, ‘कोरा कागद सोडा. त्याच्याइतकं पांढरं तुमच्या डब्यात नाही.’ मग मी राक्षसापासून बटूपर्यंत एक सरळ धार काढली. त्यांनी ती जागच्या जागी खोडली.

‘दोघं एकमेकांभोवती फिरताहेत, चित्रकला. फिरणाऱ्याच्या अंगावर धार सरळ कशी पडेल? मामा, बादली आणा.’

मामांनी बादली आणली. सर मला आणि मामांना घेऊन मोरीपाशी गेले, मोरीच्या भोकात बोळा घालून पाणी ओतलं, ते हातानं गोल ढवळलं आणि मग बोळा काढला. पाणी भोकात थेट न पडता गरगर फिरत, कडेकडेनं आत गेलं. ‘हे बघा. आधी भोवती चकती होते, चकतीत वायू एकमेकाला घासतो, वेग घालवतो, आणि मग हळूहळू आत उतरतो. मोरी म्हणजे बटू.’ मामा म्हणाले, ‘सर, ही मोरी मी रोज घासतो, पर हिच्यात एवढं काय हाय ते आज कळलं.’ सात बादल्या ओतल्यावर माझ्या हाताला ती वळणं आली. तक्ता झाला तेव्हा माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, पण आयुष्यात मी काढलेलं सगळ्यांत बरं चित्र तेच.

तिला शिकवण्याआधी त्यांना तालीम करून बघायची होती, म्हणून तो तक्ता संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेला. तिथं म्हशी उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून फेसाळतं दूध पेल्यात देतात. सर रोजचं गिऱ्हाईक. एका डोंगराएवढ्या म्हशीशेजारी हातात पेला घेऊन उभे राहत ते म्हणाले, ‘समजा ही म्हैस म्हणजे राक्षस आणि मी बटू.’

गवळ्यानं दोघांकडं बघितलं. ‘समजायला कशाला पायजे? दिसतंयच की.’

‘मी हिचं दूध पितोय, पितोय, पितोय. पुढं काय होईल?’

‘म्हस लाथ घालंल.’

‘इथंच तर गंमत आहे. ताऱ्यांत लाथ बटू घालतो. प्यालेलं सगळं एकदम बाहेर फेकतो.’

‘म्हंजे सर, तुमी पिनार बी, अन् वकनार बी?’ गवळी म्हणाला. ‘मग उद्यापासनं जरा लांब हुबं ऱ्हावा.’ कट्ट्यावरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. सरांनी मात्र दुधाची मिशी पुसून वहीत नोंद केली की उदाहरण चालतं, पण म्हैस वगळावी.

मुरगूडला आम्ही बाजाराच्या दिवशी रजा टाकून निघालो. एस.टी.त सर खिडकीशी, तक्त्याची गुंडाळी माझ्या मांडीवर, आणि सरांच्या मांडीवर फिरकीचा पितळी तांब्या. परगावचं पाणी ते पीत नसत. कागल मागं पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘किती गुण द्यावेत?’

‘किती म्हणजे? दोन.’

‘असं कसं? उत्तर बरोबर, एक गुण. पण कारण? ती म्हणते, निखारा जळत्याच्या आचेनं फुलतो. बटू आचेनं उजळत नाही. तो शेजाऱ्याचं सरपण ओढून आपल्या अंगावर घेतो आणि तेच पेटवतो. कारण अर्धं बरोबर. म्हणजे दीड.’

‘सर, तेहतीस आणि दीड साडेचौतीस. ती नापासच राहते.’

‘साडेचौतीसचे पस्तीस धरतात. नियम आहे.’ हा हिशेब त्यांनी बहुतेक रात्रभर केला असावा.

पुढच्या बाकापाशी उभा राहिलेला कंडक्टर हे सगळं ऐकत होता. त्याला राहवलं नाही. ‘पावणं, दोन देऊन टाका की. तुमच्या परड्यातलं काढून द्यायचं हाय का?’

‘तुम्ही तिकिटाला भोक पाडताना अर्धं जास्त पाडता का?’ सरांनी विचारलं.

‘न्हाय.’

‘मग.’

कंडक्टर डोकं खाजवत पुढं गेला. माझ्या ध्यानात आलं की सर तांब्याची फिरकी सारखी उघडत होते आणि लावत होते. पाणी काही पीत नव्हते. हा माणूस दहा-बारा पैलवानांत जाऊन उभा राहिला होता आणि आज एका बाईच्या तोंडासमोर जायला घाबरत होता. मला त्यांची दया आली, आणि थोडी माझीही, कारण हसलो तर मीही होतोच.

लिंबाखाली बाजाराच्या टोकाला भट्टी होती. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, आणि बाजूला बसून एक किडकिडीत माणूस भात्याचं चाक फिरवत होता. भट्टीवर पातेलं तापवत होती ती जैतून. तिशीची, धिप्पाड, पदर खोचलेला. तिनं तापल्या पातेल्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उसळला, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ती ते वितळलेलं कथील गोल गोल फिरवायला लागली. काळ्या पातेल्याच्या पोटात चांदीसारखी चकती पसरत गेली. सर तिच्या हाताकडं बघत राहिले.

‘चकती,’ ते हळूच मला म्हणाले.

तिनं वर बघितलं. ‘बटू सर,’ तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

‘चालेल,’ सर म्हणाले. ‘बटूसाठीच आलोय.’

त्यांनी मला तक्ता झाडाला टांगायला लावला आणि तिथंच, भांडी घेऊन थांबलेल्या सात-आठ बायकांसमोर, तास सुरू केला. मी त्यांना इतकं चांगलं शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. मध्येच जैतूननं पक्कड खाली ठेवून विचारलं, ‘सर, एवढुसा असून त्यो मोठ्याचं वडून कसं घेतो?’

‘एवढासा दिसतो. पण इतका गच्च दाबलेला आहे की तिथली चमचाभर माती इथं आणली तर उसानं भरलेल्या दोन-तीन बैलगाड्यांचं वजन भरेल.’

‘अगं बया,’ एक म्हातारी म्हणाली, ‘मग त्यो चमचा उचलायचा कुनी?’

‘अन् त्या मोठ्याचं काय हुतं?’ जैतूननं विचारलं. ‘त्याचं कमी पडत न्हाय?’

हा प्रश्न सरांच्या तयारीत नव्हता. ‘त्याच्याजवळ इतकं असतं,’ ते म्हणाले, ‘की एवढंसं गेल्याचं त्याला कळतसुद्धा नाही.’

मग त्यांनी काळी वही काढून तिचं उत्तर वाचलं. प्रश्न, उत्तर, गुण, आणि शेरासुद्धा. शेरा वाचताना आवाज खाली गेला. ‘ह्या उत्तरावर मी चौदा वर्षं हसलो, जैतून. सगळ्या स्टाफला हसवलं. हे चित्रकलापण हसले. उत्तर बरोबर होतं. ह्या दोन मार्कांपायी तू नापास झालीस आणि तुझी शाळा सुटली. ते मी परत कसं करू, मला ठाऊक नाही.’

मी तक्त्याकडं बघत उभा राहिलो. जैतूननं सरांकडं बघितलं, खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडं, मग त्यांच्या हातातल्या उघड्या वहीकडं. आणि ती मोठ्यानं हसली.

‘सर, कशाचं दोन मार्क घेऊन बसलाय? गनितात मला अकरा हुतं, अकरा. इंग्रजीचं तर इचारूच नका. तुमचं दोन घालून काय मी पास हुनार हुतो? मला शाळाच नकोशी झालती. आब्बाच्या भट्टीवर बसायला मिळालं म्हनून साखर वाटली म्या.’

बायका हसल्या, म्हातारी तर खोकेपर्यंत हसली. सरांचा हात खिशाकडं गेला, तसा तो एखादा आकडा ऐकला की नेहमी जाई, आणि तिथंच थोडा वेळ राहिला. मग रिकामाच खाली आला.

‘असं का,’ ते म्हणाले. ‘अकरा. बरं.’

‘पर माझं मार्क द्या की,’ जैतून म्हणाली. ‘एवढ्या लांब आलाय ते.’

‘दीड.’

‘दोन.’

‘कारण अर्धं आहे.’

‘निखारा फुलतो त्यो शेजारच्याचंच खाऊन की. मीबी तेच लिवलंतं, तुमी नीट वाचलं न्हाईसा.’ पाचएक मिनिटं घासाघीस झाली. बायकांनी जैतूनची बाजू घेतली, पण सर हलले नाहीत. शेवटी त्यांनी तांबडी पेन्सिल काढून शून्यावर काट मारली, तिथं दीड लिहिलं आणि सही केली. तिनं वही हातात घेऊन तो दीड बराच वेळ बघितला. मग तिची नजर तांब्यावर गेली. ‘सर, कल्हई पार उडलीया ह्याची. ह्यातनं पानी पिता व्हय? द्या हिकडं.’

तांब्या आतून चकाकायला लागल्यावर तिनं छिन्नी आणि हातोडी घेतली. भांड्यावर नाव घालतात तसं टिकटिक करत काहीतरी घातलं, आणि फडक्यात गुंडाळून दिलं. एस.टी. सुटल्यावर सरांनी फडकं सोडलं. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती, ‘सरांस दोनपैकी दोन. जैतून.’

‘पेपर फार सैल तपासते,’ सर म्हणाले, आणि तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. कोल्हापूर येईपर्यंत ते मजेत होते. स्टँडवर उतरल्या उतरल्या वेळापत्रकात त्यांनी दोन चुका काढल्या. मला वाटलं, चला, ह्यांच्या उरावरचा धोंडा उतरला.

पण माझ्या डोळ्यांपुढून एक गोष्ट जाईना. आमचा धंदाच बघण्याचा. जैतून ‘अकरा’ म्हणाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं भात्याचं चाक थांबवलं होतं आणि तिच्याकडं बघितलं होतं, आणि तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो आणि हेडक्लार्कांकडं चौदा वर्षांपूर्वीचं नववीचं निकालपत्रक मागितलं.

‘काय चाललंय काय?’ ते करवादले. ‘गेल्या आठवड्यात मामा हेच घेऊन गेला. हेडमास्तरांना पाहिजे म्हणाला. आणि हेडमास्तर तर रजेवर होते.’

मी पान काढलं. जैतून. मराठी एकावन्न, इंग्रजी सत्तेचाळीस, गणित अठ्ठावन्न. विज्ञान तेहतीस, खाली लाल शाईची रेघ, आणि पुढं ‘नापास’. गणिताच्या अठ्ठावन्नशेजारी पेन्सिलीची एक बारीक तांबडी खूण होती. ताजी. तशी शेपूट वर उचललेली खूण शाळेत एकच माणूस करत असे.

म्हणजे मुरगूडला जायच्या आधीच त्यांनी बघितलं होतं. ती खोटं सांगतेय हे त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. एका तारखेसाठी भरल्या ताटावरून उठणारा माणूस अठ्ठावन्नचे अकरा ऐकून ‘बरं’ म्हणाला होता. मी रजिस्टर मिटलं. हेडक्लार्कांना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी घड्याळाकडं बघत उभा राहिलो. ते अजूनही चार मिनिटं पुढं होतं.

मी सरांपाशी हा विषय कधी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यानंतर ते नववीला बटू जोडीनं शिकवायला लागले आणि कुठल्याच गॅदरिंगला वही वाचली नाही. तांब्या मात्र स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवत. कुणी अक्षरं वाचून काय म्हणून विचारलं की ‘तपासणीत चूक आहे’ एवढंच सांगत. ती चूक खोडायची त्यांनी कधी खटपट केली नाही.

सेवानिवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी चुकांची वही माझ्या हातात ठेवली. ‘चित्रकला, तुमच्याकडं राहू दे. मी आता चुका काढणं बंद करतोय,’ असं म्हणाले, आणि निरोपसमारंभाच्या फलकावरचं आपल्याच नोकरीचं चुकलेलं वर्ष दुरुस्त करून घरी गेले.

घरी येऊन मी वही शेवटून उघडली. मुरगूडनंतर तिच्यात एकच नोंद होती, त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात.

‘प्रश्न. मी विचारला नव्हता. उत्तर. गणितात मला अकरा होते. नाव, जैतून.’ शेऱ्याची जागा त्यांनी कोरी सोडली होती. खाली तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘गुण, दोनपैकी दोन.’